मदत हवी आहे: अर्जात कोणता एच-इंडेक्स लिहू? तिन्हीकडे आकडा वेगळा

नमस्कार मंडळी,

मी न्यूरोसायन्समध्ये पोस्टडॉक करते. स्वतःची लॅब उभी करता येईल अशा एका पदासाठी अर्ज भरतेय, पुढच्या शुक्रवारी शेवटची तारीख. अर्जात एक चौकोन आहे, 'एच-इंडेक्स आणि एकूण सायटेशन्स'. (सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ; एच-इंडेक्स 9 म्हणजे किमान 9-9 सायटेशन्स मिळालेले 9 पेपर.) खाली पानभर जागा, 'आपल्या संशोधनाचा प्रभाव' लिहायला. चार दिवस त्या चौकोनापाशीच अडले आहे.

सायटेशन्स मोजणाऱ्या तीन डेटाबेसांत पाहिलं: गुगल स्कॉलरवर एच-इंडेक्स 11 दिसतो, स्कोपसमध्ये 7, वेब ऑफ सायन्समध्ये 6. स्कॉलरची यादी तळापर्यंत वाचली तर हृदयाच्या झडपांवरचे दोन पेपर सापडले. आडनाव आणि आद्याक्षर माझंच, माणूस दुसराच. ते काढले, 11 चे 9 झाले. आता 14 पेपर, 571 सायटेशन्स.

पण यातली 388 एकाच पेपरची आहेत. अनेक केंद्रांनी मिळून केलेला मेंदूच्या एमआरआयचा प्रकल्प, साठाहून जास्त लेखक, त्यात मी एकतिसावी. काही महिने स्कॅन तपासून ज्यांत डोकं हललंय ते बाजूला काढणं, एवढं माझं काम. केलं ते मनापासून, पण प्रश्न माझा नव्हता आणि निष्कर्षही माझा नाही.

ज्या कामावर मला नोकरी मिळावी असं वाटतं ते दुसरंच आहे. उंदराच्या हिपोकॅम्पसचे (मेंदूतला स्मृतीशी जोडलेला भाग) 300 मायक्रॉनचे काप, आणि त्यातल्या सीए3 या पट्ट्यातल्या पेशींवर पॅच क्लॅम्प, म्हणजे एकेका पेशीचे विद्युत संकेत मोजणं. काचेची पिपेट पेशीला टेकवायची, हलकेच हवा ओढायची आणि काच पेशीला घट्ट चिकटून सील बसेपर्यंत श्वास रोखून बसायचं. चांगल्या दिवशी चार-पाच पेशी मिळायच्या, वाईट दिवशी एकही नाही. साडेतीन वर्षं गेली. पहिली लेखिका मी. सायटेशन्स 19. त्या 19 पैकी एका लॅबने आमचं रेकॉर्डिंग स्वतःच्या सेटअपवर पुन्हा करून पाहिलं आणि त्यांना तेच मिळालं. माझ्यासाठी 388 पेक्षा हे मोठं आहे, पण चौकोनात ते कुठे लिहू?

कोणता आकडा लिहावा? आणि 388 वाला पेपर सर्वांत वर ठेवला तर ती फसवणूक ठरेल का?

पुस्तकघर:
मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेच काम करतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले पेपर), पुस्तकं सगळंच मोजतो. बाकीचे दोघे मुख्यतः त्यांनी निवडलेल्या नियतकालिकांतलं मोजतात. म्हणून आकड्यासोबत स्रोत आणि तारीख लिहायचीच. 'एच-इंडेक्स 9 (गुगल स्कॉलर, अमुक तारीख)' असं. नुसता आकडा कोणालाही पडताळता येत नाही.

एक शंका. 7 जरा कमी वाटतोय. स्कोपसमध्ये तुमची दोन प्रोफाइल तर नाहीत ना? नावाचं स्पेलिंग किंवा संस्था बदलली की असं होतं. एकत्र करायची विनंती पाठवता येते. ऑर्किडचा (संशोधकाची स्वतंत्र ओळख) 16 अंकी क्रमांक सगळ्या पेपरना जोडून ठेवा, म्हणजे झडपांचा घोळ पुन्हा होणार नाही.

निवांत_न्यूरॉन:
निवड समित्यांवर बसले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी 2005 मध्ये एच-इंडेक्स मांडला, त्यात एखादा पेपर कितीही गाजला तरी तो एकदाच मोजला जातो. तुमचा 388 वाला काढा, एकूण 183 वर येईल, पण एच-इंडेक्स फार तर 1 ने उतरेल. म्हणजे तुमचा 9 त्या पेपरवर उभा नाही. हे एका वाक्यात लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

तो पेपर यादीत ठेवा, पुढे तुमची भूमिका लिहा: 'स्कॅनची गुणवत्ता तपासणी'. लपवलं तर फसवणूक, सांगितलं तर नाही.

इमेजिंग आणि पॅच क्लॅम्प यांची सायटेशन्स शेजारी ठेवूच नयेत, दोन्हीकडे लिहिणारी माणसंच किती कमी-जास्त आहेत. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं आयसाइट हे संकेतस्थळ मोफत आहे. त्यात पेपरचा पबमेड (वैद्यकीय पेपरांची सूची) क्रमांक टाकला की आरसीआर हा आकडा मिळतो, म्हणजे त्याच विषयातल्या पेपरांच्या तुलनेत तुमचा पेपर कुठे आहे ते. 1.0 म्हणजे एनआयएचच्या निधीतल्या पेपरांचा मध्यक. पेपर अगदी नवा असेल तर मात्र त्या आकड्यावर भर देऊ नका.

आणि पुन्हा करून पाहिलेल्या रेकॉर्डिंगने पानाची सुरुवात करा. अल्झायमरवरचा 2006 चा 'नेचर'मधला पेपर हजारो वेळा उद्धृत झाला आणि 2024 मध्ये मागे घेतला गेला. त्यानंतर तरी 'दुसऱ्या लॅबला तेच मिळालं' हे वाक्य मी थांबून वाचते. संशोधकाला नियतकालिकाच्या आकड्यावरून जोखू नये असं सांगणाऱ्या डोरा जाहीरनाम्यावर संस्थेने सही केली असेल तर नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना मिळणारी सरासरी सायटेशन्स) कुठेच लिहू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. पुस्तकघर, तुमची शंका खरी ठरली. पीएचडीच्या काळातले तीन पेपर स्कोपसमध्ये वेगळ्याच प्रोफाइलखाली पडले होते. विनंती आत्ताच पाठवली.

आयसाइटवर 19 वाल्याचा आरसीआर 1.4 आला. दोनदा क्रमांक तपासून पाहिला. पानाचं पहिलं वाक्य असं केलंय: 'सीए3 पेशींवरची आमची मोजणी दुसऱ्या लॅबने स्वतंत्रपणे पुन्हा केली आणि तिला तोच निष्कर्ष मिळाला.' त्या लॅबच्या पेपरचा दुवा तिथेच देऊ का, की यादीत पुरेल?

निवांत_न्यूरॉन:
तिथेच द्या.