'वाइल्डरनेस'ला मराठीत काय म्हणायचं? रान, अरण्य, जंगल, की आणखी काही?

अवकाळी:
मंडळी, मदत हवीये. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर हिवाळ्यात चार शनिवार पडदा लावून सिनेमे बघतो आम्ही, दर वर्षी एक विषय घेऊन. यंदाचा विषय माझ्या गळ्यात पडलाय, म्हणजे मीच हौसेनं सुचवला, माणूस आणि वाइल्डरनेस. यादी तयार आहे, सगळे माझे आवडते: कुरोसावाचा 'देर्सू उझाला' (१९७५), आपला 'जैत रे जैत' (१९७७), 'इंटू द वाइल्ड' (२००७) आणि 'द रेव्हेनंट' (२०१५). अडलंय फक्त बॅनरवर. सेक्रेटरी काकांचा हट्ट की बॅनर मराठीत हवा, आणि तो मला मान्यही आहे. पण 'जंगलातले सिनेमे' लिहिलं तर काका म्हणाले अगं मोगली दाखवणारेस का, आणि खरंच रेव्हेनंटमध्ये झाडी असली तरी लक्षात राहतो तो बर्फ, नदी आणि उघडं पठार. 'निर्जन प्रदेशातील चित्रपट' वाचलं की मला सातच्या बातम्या ऐकू येतात. 'वन्य चित्रपट' म्हणजे सिनेमाच चावेल असं वाटतं. तर नेमका शब्द कुठला?

सत्तरीकर:
रान. विषय संपला.

माणदेशी:
संपला कसा? आमच्याकडं 'आबा कुठायत' विचारलं आणि 'रानात गेल्यात' असं उत्तर आलं तर आबा ज्वारीला पाणी द्यायला गेलेत एवढाच अर्थ होतो. रान म्हणजे शेत. रानात भाकरी पोचवायची असते, रानात पाहुणे येतात, रानात मोटर जळते. त्या बॅनरवर 'रानातले सिनेमे' लिहिलंत तर आमच्याकडची माणसं शेतीविषयक माहितीपट समजून येतील (आणि अनुदानाबद्दल विचारतील).

सत्तरीकर:
हे मला नवीनच. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रान म्हणजे रानच, झाडं, गवे, जळवा. शेताला शेत, बागायतीला कुळागर. शेतात गेलेल्या माणसाला कोणी रानात गेला म्हटलं तर घरचे शोधायला निघतील.

जुनीपोथी:
दोघंही बरोबर आहात, कारण 'रान' हा शब्द 'अरण्य'चाच झिजलेला मुलगा आहे, मध्ये प्राकृतात 'रण्ण' होऊन आलेला. आणि अरण्याचं मूळ बघितलं तर झाडांचा संबंधच नाही. संस्कृतात 'अरण' म्हणजे परका, लांबचा. गावाची हद्द संपली की पलीकडचं ते अरण्य, मग तिथे साग असो नाहीतर नुसते खडक. वेदांत ग्राम आणि अरण्य अशीच जोडी येते, पशूसुद्धा ग्राम्य आणि आरण्य. बायबलच्या मराठी भाषांतरांत सीनायचं वाळवंट 'रान' किंवा 'अरण्य' म्हणून येतं ते वाचताना लहानपणी मला चूक वाटायची, पण मूळ अर्थानं ते अगदी चपखल आहे.

आता 'जंगल'ची गंमत ऐका. संस्कृतातलं 'जांगल' म्हणजे कोरडा प्रदेश. आयुर्वेदात भूमीचे तीन प्रकार सांगतात, जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे पाणी कमी, झाडं विरळ, वारा भरपूर, हरणं हिंडतायत असा मोकळा मुलूख. दाट, ओलं, पाणथळ ते आनूप. म्हणजे चरकाला ॲमेझॉन दाखवलं असतं तर त्यानं 'हे जंगल नव्हे' म्हणून औषध बदललं असतं. अठराव्या शतकात इंग्रजांनी आपल्याकडून हा शब्द उचलला, आणि नंतर सिनेमातून आपल्याकडे परत आला तेव्हा त्याला वेली लोंबत होत्या.

अवकाळी:
जुनीपोथीताई, कमाल! म्हणजे रेव्हेनंटला 'जंगल' म्हणणं मुळात बरोबरच ठरतं की. पण काकांना चरक कोण समजावणार.

जुनीपोथी:
मग त्यांना ऋग्वेद वाचून दाखव. दहाव्या मंडलात १४६ वं सूक्त अरण्यानीचं आहे, अरण्याची देवता. ऋषी तिला विचारतो, तू गावाची चौकशी का करत नाहीस, तुला भीती नाही का वाटत? आणि मग संध्याकाळी तिथे मुक्कामाला असलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं ते सांगतो: गाडी करकरल्यासारखं, कुणी गाय हाकारल्यासारखं, कुणी लाकूड तोडल्यासारखं, कुणी किंचाळल्यासारखं. गायी चरताना दिसतात, घर असल्यासारखं दिसतं. सगळं 'सारखं'. तुमच्या असल्या सिनेमांत माणूस शेकोटीपाशी बसतो आणि अंधारातून आवाज यायला लागतात, तो प्रसंग सूक्तात आधीच लिहून ठेवलाय.

किर्रर्र:
जोडशब्दांवरून पण कळतं बघा. अरण्य निबिड असतं, जंगल घनदाट असतं, रान किर्र असतं. निबिड जंगल कोणी म्हणत नाही, किर्र अरण्य तर नाहीच. मारुती चितमपल्लींना सगळे अरण्यऋषी म्हणायचे, जंगलऋषी म्हटलं तर फॉरेस्ट डिपार्टमेंटची पोस्ट वाटते. आणि माणसाला 'रानटी' म्हटलं की शिवी, 'जंगली' म्हटलं की शिवी, 'आरण्यक' म्हटलं की ग्रंथ 😀

माणदेशी:
खरंय. आणि 'जिवाचं रान केलं' यातलं रान कुठलं मग? रेव्हेनंटमधला तो ह्यू ग्लास, अस्वलानं फाडलेला, साथीदारांनी टाकून दिलेला, सरपटत सरपटत मागं येतो, त्यानं तर अक्षरशः केलंय जिवाचं रान.

कॅलगरीकर:
रेव्हेनंटचा विषय निघाला म्हणून लिहितोय, एरवी नुसता वाचतो. त्याचं बरंचसं शूटिंग कॅनडातल्या आमच्या अल्बर्टात झालंय, कॅननास्किस आणि बो व्हॅलीच्या बाजूला, नैसर्गिक उजेडातच शूट करायचं ठरवलेलं त्यामुळे दिवसाला थोडाच वेळ काम, आणि शेवटी इथला बर्फ वितळला तेव्हा सगळं लटांबर अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला नेलं बर्फ शोधत. तर मुद्दा हा की पडद्यावर जे अस्पर्श वगैरे दिसतं त्यातल्या काही जागांपर्यंत मी शनिवारी डबा घेऊन जातो. आणि कॅलगरीहून तिकडे निघालं की वाटेत स्टोनी नकोडा लोकांची वस्ती लागते, ते तिथे गोऱ्यांच्या आधीपासून आहेत.

इंग्रजीतला वाइल्डरनेस हा शब्द मुळात जनावरांवरून आलाय, जुन्या इंग्रजीत 'डिअर' म्हणजे कुठलंही जनावर, हरणच नाही, तर वाइल्डरनेस म्हणजे रानजनावरांचा मुलूख. पण अमेरिकेनं १९६४ साली वाइल्डरनेसचा कायदाच केला आणि त्यात व्याख्या अशी की जिथे माणूस फक्त पाहुणा असतो, राहत नाही, ती जागा. आपल्याकडे असा शब्द नसण्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं. आपल्याकडे रानात कोणी ना कोणी राहतंच. राजपुत्रांनाही वनवासात पाठवलं तर तिथे आधीच ऋषींचे आश्रम.

झाडीवाला:
हेच लिहायला आलो होतो भाऊ. मी गडचिरोलीकडचा, आमच्या सगळ्या भागालाच झाडीपट्टी म्हणतात, बोली झाडीबोली, नाटकं झाडीपट्टीची. झाडी हे आमचं पत्ता सांगायचं नाव आहे. उन्हाळ्यात पहाटे बाया मोहफुलं वेचायला जातात, नंतर तेंदूपत्ता. आता ती बाई निर्जन प्रदेशात गेली असं म्हणाल का? 'शेरनी' (२०२१) मला त्याच्यासाठी आवडला. त्यात जंगल म्हणजे देखावा नाही, तिथे गुरं चरायला नेतात, लोकांना आत जावंच लागतं, आणि वाघिणीलाही जायला वाट पाहिजे. फक्त नाव खटकतं, आपल्या मराठी कानाला शेरनी म्हणजे सिंहीण. हिंदीत वाघालाही शेर म्हणतात ते ठीक, पण ती वाघीण आहे बा, वाघीणच म्हणा.

गावाकडची_चकली:
अवांतर होईल पण सांगतेच. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) कोणी बघितलाय का? मेरीलँडच्या झाडीत तीन पोरं कॅमेरा घेऊन जातात, दिवसभर एकाच दिशेनं चालतात आणि संध्याकाळी परत त्याच ओढ्यावरच्या ओंडक्यापाशी. थेटरात सगळे घाबरलेले आणि मी मनात म्हणतेय, अरे यांना चकवा लागलाय! आमची आजी सांगायची, चकवा लागला की आहे तिथे बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. त्या पोरांना सांगायला आजी नव्हती. इतका नेमका शब्द आहे आपल्याकडे आणि आपण 'रस्ता भरकटले' असं पुस्तकी लिहितो.

अवकाळी:
चकवा!! हा सिनेमा यादीत नाही याचं आता वाईट वाटतंय.

बरं, झाडीवाला आणि कॅलगरीकर दादांनी लिहिलंय त्यावरून मला देर्सू नव्यानं आठवला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, रशियाच्या पूर्व टोकाला उसुरीच्या खोऱ्यात आर्सेन्येव्ह नावाचा कॅप्टन नकाशे करायला जातो, तिथे त्याला देर्सू भेटतो, नानाई जमातीचा म्हातारा शिकारी, एकटा. तो आगीला, पाण्याला, वाघाला सगळ्यांना 'माणसं' म्हणतो. एका रिकाम्या झोपडीचं छप्पर नीट करतो आणि कॅप्टनकडे तांदूळ, मीठ, काड्यापेटी मागतो, तिथे ठेवायला, पुढे कोणीतरी येईल त्याच्यासाठी. कोण येईल माहीत नाही, येईल एवढं नक्की. गोठलेल्या खांका सरोवरावर वादळ येतं तेव्हा दोघं अंधार पडेपर्यंत नुसतं गवत कापत सुटतात, कॅप्टनला कशासाठी तेही धड कळलेलं नसतं, आणि त्या गवताच्या ढिगाखाली रात्र काढतात. तो प्रसंग बघताना माझी बोटं बधिर होतात, पुण्यात, मे महिन्यात. मग डोळे अधू झाल्यावर कॅप्टन त्याला खाबारोव्स्कला स्वतःच्या घरी आणतो आणि तिथे तो अक्षरशः चकवा लागल्यासारखा होतो. पाण्याला पैसे का द्यायचे त्याला कळत नाही, लाकूड तोडलं म्हणून पकडतात. आता सांगा, वाइल्डरनेस नक्की कुठे होतं?

म्हणजे कॅप्टनसाठी एक शब्द हवा आणि देर्सूसाठी दुसरा.

सत्तरीकर:
देर्सूसाठी रान. मी पहिल्याच ओळीत म्हटलं होतं.

किर्रर्र:
आणि कॅप्टनसाठी आडरान.

माणदेशी:
ह्ये बरोबर बसलं. आडवाट, आडगाव, आडरान. आडरानात एस्टी बंद पडते. आडरानात रात्र होते. आडरानात कोणी राहत नाही, आडरानात माणूस सापडतो किंवा हरवतो.

जुनीपोथी:
शब्द छान, पण एक लक्षात घ्या, 'आड' म्हणजे वाटेच्या बाजूला. आडरान म्हणायला आधी वाट लागते. ज्याला वाट माहीत आहे आणि जो ती सोडून आलाय त्याचा हा शब्द आहे. 'इंटू द वाइल्ड'मधल्या पोराला तंतोतंत लागू पडेल. तो स्वतःहून रानोमाळ भटकायला निघालेला, अलास्कात एका जुन्या खाणीच्या रस्त्यावर पडलेल्या बसमध्ये राहिला, परत निघाला तर नदी फुगलेली, आणि थोड्याच अंतरावर तारेवरून नदी ओलांडायची सोय होती ती त्याला ठाऊक नव्हती कारण जवळ नकाशा नव्हता. १९९२ सालची खरी घटना. नंतर ती बस बघायला लोक जायला लागले, त्यातले काही नदीत बुडाले, शेवटी २०२० मध्ये सरकारनं हेलिकॉप्टरनं बसच उचलून नेली.

कॅलगरीकर:
मला त्या सिनेमाचा रागच येतो खरं तर. गाणी छान आहेत पण रान म्हणजे आपल्याला स्वतःला शोधायची जागा, हे काय. रानाला तेवढंच काम आहे का.

अवकाळी:
दादा, तो शनिवार तुम्ही स्किप करा 🙂

झाडीवाला:
आणि 'जैत रे जैत'चं काय? ठाकर आदिवासींचा डोंगर आहे तो, मध काढायला चढतात. ते आडरान नाही होऊ शकत.

माणदेशी:
त्याची गाणी ना. धों. महानोरांची, आणि महानोर म्हणजे 'रानातल्या कविता' (१९६७). ते अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी, त्या कवितांमधलं रान म्हणजे आमचंच रान, पेरणी, मोट, पाऊस. आणि त्याच माणसानं सिनेमात ठाकरांना रानाची पाखरं केलं, तिथं रान म्हणजे सत्तरीकरांचं रान. एकाच कवीकडं दोन्ही. सुरुवातीला वाद घातला तो मागं घेतो.

सत्तरीकर:
नोंद घेतली 🙏

अवकाळी:
ठरलं मग. बॅनर: 'रान-आडरान'. रानात राहणारे आणि आडरानात शिरलेले, दोघंही आले. काकांनाही आवडलं, फक्त ते म्हणतात खाली कंसात 'इंग्रजी सिनेमे' लिही नाहीतर कोणी येणार नाही, देर्सू रशियन आहे आणि जैत रे जैत मराठी हे त्यांना कोण सांगणार.

अवकाळी:
अपडेट. बॅनरवाल्याकडून प्रूफ आलं. 'रान-आडनाव'. फोन केला तर म्हणतो मॅडम आडरान असा शब्द नसतो, मी दुरुस्त करून दिलाय.

माणदेशी:
त्याला म्हणावं रानात ये एकदा.

सत्तरीकर:
कुठल्या?