फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा मिळावा का?

नीलकंठ: मिळावा, अमेरिकेत सरकारला फसवणाऱ्यावर सरकारच्या वतीने दावा लावणाऱ्याला मिळतो तसा. वरिष्ठांच्या सांगण्यावरून दिनेश ठाकूर यांनी २००४ मध्ये आपल्या औषध कंपनीच्या, रॅनबॅक्सीच्या, नोंदी तपासल्या, तेव्हा औषधचाचण्यांचे खोटे आकडे सापडले. २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, मग अमेरिकी यंत्रणांना कळवलं. अमेरिकेत कंपनीच्या शाखेने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायला २०१३ उजाडलं. त्यातले सुमारे ४.८६ कोटी ठाकूरांना मिळाले. इतकी वर्षं जीव मुठीत धरून राहिलेल्या माणसाला ते जास्त नाहीत.

जुनी पेठ: मला हे पटत नाही. वाटा देणारा हा अमेरिकी कायदा (फॉल्स क्लेम्स ॲक्ट) १८६३ चा, लिंकनच्या काळातला. लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांवर दावा लावणाऱ्याला निम्मी वसुली मिळे. पुढे लोक सरकारनेच दाखल केलेली आरोपपत्रं उतरवून दावे ठोकू लागले! म्हणून १९४३ मध्ये कायदा आवळून सरकारला आधीच ठाऊक असलेल्या माहितीवरचे दावे बंद करावे लागले. शिवाय वसुलीवर वाटा म्हटलं की घोटाळा फुगेपर्यंत थांबण्याचा मोह होतोच.

नीलकंठ: आवळला तो इतका, की १९८४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने स्वतः शोधलेल्या मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्ययोजना) घोटाळ्याचा दावाही कोर्टाने फेटाळला. कारण? राज्याने केंद्राला आधीच कळवलं होतं, आणि कळवणं तर त्याला बंधनकारक होतं! १९८६ ची दुरुस्ती यातून आली: तिप्पट भरपाई, सरकार दाव्यात उतरलं तर साधारण १५ ते २५ टक्के वाटा, नाही तर ३० पर्यंत. घोटाळा ज्याने रचला त्याचा वाटा कोर्ट कापू शकतं. नंतर औषध कंपन्या, रुग्णालयं यांच्याकडून मोठ्या वसुल्या झाल्या त्या याच जोरावर.

शुभदा_बिलिंग: मी एका खाजगी रुग्णालयात बिलं करायचे. न झालेल्या तपासण्या बिलात चढवायला सांगितलं, मी नाही म्हटलं, महिन्याभरात काम गेलं. टक्केवारी माझ्या डोक्यातही नव्हती. कुणाकडे जायचं तेच कळेना. आपला २०१४ चा जागल्या (गैरव्यवहार उघड करणारा) संरक्षण कायदा मंजूर होऊनही लागू झालेला नाही, आणि झाला तरी तो सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता.

जुनी पेठ: शुभदाताई, माझं म्हणणं हेच. तुम्हाला आधी नोकरीचं संरक्षण हवं होतं. बक्षिसाचं नंतर बघू.

नीलकंठ: पण वकील कोण देणार? तिकडे वकील वाट्यातल्या हिश्शावर केस घेतात, म्हणून बिलिंगवाली बाई बलाढ्य कंपनीसमोर उभी राहते. इथे शुभदाताईंनी पहिल्या तारखेची फी कुठून आणायची?