मदत हवी आहे: इंटेल सोडून एएमडीवर जाऊ का?

राजेहो, एक सल्ला पाहिजे. दारव्ह्याजवळच्या गावात लग्नाचे फोटो-व्हिडिओ एडिट करायचं माझं काम. सध्या इंटेलचा आय५-७४०० प्रोसेसर आहे, चार कोअर. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. तसंही हळदीचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की पंखा असा घोंगावतो की बाहेरच्या खोलीतून माय विचारते, "काय दळून राह्यला बाप्पा?"

आजवर इंटेलच वापरला. आता एएमडीचा रायझन घ्यावा म्हणतो. 5600जी घेतला तर एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायची जागा) मदरबोर्ड लागेल, पण जुनी डीडीआर४ रॅम चालून जाईल. 7600 घेतला तर एएम५, म्हणजे रॅमही नवी डीडीआर५. पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल हा त्याचा फायदा, पण खर्च लय होते. ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नाही, आणि साध्या 5600 मध्ये आतलं ग्राफिक्स नसते, म्हणून तो बादच.

खरी अडचण क्विक सिंकची, म्हणजे इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधली व्हिडिओ झटपट उलगडायची सोय. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या फाइली इंटेलवर त्याच्या भरवशावर सरकतात. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सवर टाइमलाइन अडकते का? रोज एडिटिंग करणाऱ्यानंच सांगा, यूट्यूबवरचे आकडे पाहून झाले.

दुसरं, मे महिन्यात इथं पारा 45 च्या आसपास जाते, खोलीत कूलर आहे, एसी नाही. प्रोसेसरच्या डब्यासोबत येणारा पंखा पुरतो का वेगळा घ्यावा लागते? माझा जुना इंटेलचा पंखा एएमडीच्या बोर्डावर बसत नाही, एवढं माहीत आहे.

सामान नागपूरला सीताबर्डीवर जाऊन घेईन, जोडणी घरीच.