चिलरमधील गॅसगळती : परदेशी ग्राहकाला कोणती नोंद दाखवावी?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
नमस्कार. आमच्या मशीनशॉपमध्ये दोन चिलर (पाणी थंड करणारी यंत्रे) आहेत. एक जुना, आर-२२ या शीतक गॅसवर चालणारा. दुसरा आर-४१०ए या शीतक गॅसचा असून त्याच्या नामपट्टीवर २४ किलो भरण (आत भरलेला गॅस) लिहिलेले आहे. जर्मनीतील ग्राहकाने यंदाच्या प्रश्नावलीत गॅसगळती तपासणीच्या नोंदी मागितल्या आहेत. देखभालीचा ठेकेदार दर उन्हाळ्यात गॅस भरून जातो आणि बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढेच लिहितो. युरोपचा नियम आम्हाला लागू होतो का? होत नसल्यास आम्ही काय ठेवावे?

उत्तर १ (पर्यावरण सल्लागार, बेळगाव)
युरोपीय संघाचा २०२४/५७३ हा नियम ११ मार्च २०२४ पासून अमलात आहे, परंतु तो तेथील यंत्रांसाठी आहे. उद्यमबागेतील चिलरला तो कायदा म्हणून लागू होत नाही. ग्राहक विचारतो ते आपल्या कारखान्याच्या थेट उत्सर्जनाच्या (कारखान्यातूनच हवेत जाणाऱ्या वायूंच्या) हिशेबासाठी, आणि तो हिशेब देणे हा व्यापाराचा भाग झाला आहे.

तरीही मोजमाप म्हणून तोच नियम घ्यावा, असे माझे मत आहे. आर-४१०ए चा तापमानवाढ गुणांक (गॅस तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमान वाढवतो तो आकडा) २०८८ धरतात. २४ किलोला त्याने गुणले की सुमारे ५० टन कार्बन डायऑक्साइडइतका भार होतो. तेथे असा ५ ते ५० टन भार असलेल्या यंत्राची वर्षातून एकदा, ५० ते ५०० टनांची दर सहा महिन्यांनी आणि त्यापुढे दर तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते. आपला चिलर नेमका उंबरठ्यावर आहे, म्हणून सहामाही तपासणी धरा. गळती दुरुस्त केल्यावर महिन्याच्या आत फेरतपासणी आणि पाच वर्षे नोंदी जपणे, हेही त्यात आहे.

आपल्या देशात सर्वसाधारण चिलरसाठी अशी ठरलेली मुदत नाही. ओझोन क्षयकारी पदार्थांचे २००० सालचे नियम आर-२२ ला लागू आहेत; नव्या यंत्रांच्या उत्पादनात अशा गॅसच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, मात्र जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो. मिळतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका. तो चिलर बदलण्याची तरतूद आताच अंदाजपत्रकात धरावी.

उत्तर २ (रेफ्रिजरेशन मेकॅनिक, चिकोडी)
वरील माहिती बरोबर आहे, पण खरा दोष ठेकेदाराच्या बिलात आहे. बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कोठून तरी गेला. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणारा माणूस तुमची सेवा करत नाही, तुम्हाला गॅस विकतो. सिलिंडर भरण्यापूर्वी आणि नंतर काट्यावर ठेवून किती किलो गेले ते लिहून घ्या, आणि सही त्याची असू द्या.

शोधताना आधी डोळे वापरावेत. जिथून गॅस जातो तिथे बहुधा तेलाचा ओला डाग पडतो. फ्लेअर जोड (नळीचे तोंड फाकवून नटने आवळलेला जोड), सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपी, थरथरीने एकमेकांवर घासणाऱ्या बारीक नळ्या, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात इन्सुलेशनखाली गंजलेला पाइप, या जागा प्रथम पाहाव्यात; मग साबणाचे पाणी आणि इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. दाबाची चाचणी रेग्युलेटर लावून कोरड्या नायट्रोजननेच करावी. ऑक्सिजन कधीही वापरू नये, कारण तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमच्या नातेवाइकांचा निपाणीकडे अमोनियावर चालणारा बर्फाचा कारखाना आहे. त्यांनीही गॅस भरल्याच्या आणि तपासणीच्या नोंदींची अशीच वही ठेवावी का?

उत्तर ३ (दुग्धप्रकल्पातील देखभाल अभियंता, निपाणी)
वहीचा नमुना चालेल, हेतू मात्र वेगळा आहे. अमोनियाचा तापमानवाढ गुणांक शून्य आहे. तिथला प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. आठ तासांच्या कामासाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही मर्यादा मानली जाते आणि ३०० पीपीएम हे तात्काळ धोक्याचे प्रमाण आहे. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असल्याने सेन्सर वरच्या बाजूस बसवतात. तुमच्या चिलरचा गॅस जड, त्यामुळे त्याचा सेन्सर जमिनीलगत हवा. कंप्रेसर किंवा रिसीव्हरमधून (द्रव अमोनियाच्या टाकीतून) तेल काढताना ऑपरेटरने व्हॉल्व्ह सोडून दूर जाऊ नये, सोबत दुसरा माणूस असावा. हवेतील वाफ पाण्याच्या फवाऱ्याने दाबता येते. जमिनीवर साचलेल्या द्रवावर मात्र पाणी मारू नये, वाफ आणखी उसळते. वहीत प्रत्येक वेळी सेन्सरची चाचणी, मास्कच्या कॅनिस्टरची (वायू गाळणाऱ्या डब्याची) मुदत आणि आणीबाणीच्या सरावाची तारीख हे तीन रकाने वाढवा. कारखाने खात्याचे निरीक्षक आले तर तेही हेच पाहतील.