महिनाभरात चार कादंबऱ्या वाचल्या, पण ‘धग’ हातातून निसटली

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. आषाढभर पावसामुळे संध्याकाळचे फिरणे बंद होते. म्हणून रोज रात्री जेवणे आटोपल्यावर दोन तास कादंबरीसाठी ठेवायचे ठरवले आणि ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’, ‘धग’ व ‘कोसला’ या चार कादंबऱ्या त्याच क्रमाने वाचून पूर्ण केल्या. संकल्प तडीस गेल्याचे समाधान आहे. परंतु काल प्रत्येकीवर वहीत पानभर लिहायला बसले, तेव्हा पहिल्या दोन कादंबऱ्यांवर भराभर लिहून झाले आणि ‘धग’पाशी हात अडला. कौतिकचे कष्ट आठवत होते, तिच्या तोंडचे एकही वाक्य मात्र आठवेना. वऱ्हाडी संवाद मी अर्थ लागेल तेवढेच वाचून पुढे सरकत होते, हे तेव्हा ध्यानात आले. पुस्तक परत करण्याची तारीख जवळ आली होती आणि ते मिटले त्याच रात्री मी ‘कोसला’ उघडली. नियमाने वाचणारी मंडळी दोन कादंबऱ्यांमध्ये किती दिवस जाऊ देतात? आणि बोलीतली कादंबरी कशी वाचावी?

उत्तर १ (पंचवटी)

ताई, चारही कादंबऱ्यांना आपण एकच वेग लावला, असे मला वाटते. ‘रणांगण’ (१९३९) ही युरोपातून परतणाऱ्या बोटीवरची कथा आहे. चक्रधर आणि हॅर्टा यांना मिळालेला वेळच त्या प्रवासापुरता असल्यामुळे ती एकदोन बैठकींत वाचली, की किनारा जवळ येत असल्याची धास्ती वाचकालाही लागते. ‘बनगरवाडी’ (१९५५) आकाराने लहान असली, तरी दुष्काळात वाडी ओस पडू लागते तिथे मी दरवेळी पुस्तक मिटून ठेवतो आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी वाचतो. ‘धग’नंतर लगेच ‘कोसला’ घेणे मला तरी जमले नसते. पांडुरंग सांगवीकर स्वतःच आपली हकीकत सांगत राहतो आणि त्याची बोलण्याची ढब इतकी पकड घेते, की तिच्याखाली आधीचा आवाज दबतो. मी मध्ये निदान आठवडा जाऊ देतो.

उत्तर २ (गंगापूर रोड)

माझी आजी चातुर्मासात पोथीचा रोज एकच अध्याय वाचत असे आणि पुढे काय होते हे जाणून घ्यायची कितीही इच्छा झाली, तरी पोथी वस्त्रात बांधून देवघरात ठेवून देत असे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरीही त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या काळच्या वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहावीच लागे आणि तोवर यमूचे दुःख घराघरांत बोलले जात असणार. दोन कादंबऱ्यांमधल्या अंतराइतकेच दोन प्रकरणांमधले अंतरही मला महत्त्वाचे वाटते.

उत्तर ३ (सिडको)

माझे माहेर अमरावतीकडचे आहे, म्हणून ‘धग’विषयी आवर्जून लिहिते. वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. नुसत्या डोळ्यांनी वाचणारा माणूस हे शब्द मनातल्या मनात प्रमाण मराठीत फिरवून घेतो, अर्थ हाती लागतो आणि बोलणारी बाई मात्र हरवते. माझ्या सासूबाई नाशिकच्याच. गेल्या वर्षी त्यांना मी या कादंबरीची काही पाने मोठ्याने वाचून दाखवली. सुरुवातीला त्या शब्दाशब्दाला अडवून अर्थ विचारत होत्या. चौथ्या-पाचव्या पानानंतर त्यांनी विचारणे सोडले आणि हातातली मेथी तशीच ठेवून ऐकत राहिल्या. आपणही संवाद तेवढे मोठ्याने वाचून पाहावेत, ही विनंती.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज सार्वजनिक वाचनालयातून ‘धग’ पुन्हा घरी आणली. या वेळी दुसरे पुस्तक सोबत घेतलेले नाही. पहिले प्रकरण आताच मोठ्याने वाचले. एका ओळीत अडखळले, तेव्हा ती ओळ तीनदा म्हणून पाहिली. सिडकोच्या ताईंना वेळ असेल, तर न कळलेले शब्द मी इथेच विचारीन.