कोबी, सावजी आणि स्वभाव

‘कोबी, नवलकोल बघून नाक मुरडणारी माणसं हट्टी असतात’ असं आवडीनिवडीवरून स्वभाव ओळखणारं एक मत वाचलं, ते काही पटलं नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाच्या रसायनाची पूड उडाली. सहकाऱ्याला ती कडू लागली, फॉक्सला मात्र चवच लागेना. पुढे कळलं, हा फरक बराचसा एका जनुकाचा. कोबीवर्गीय भाज्यांचा कडवटपणाही त्यामुळेच काहींना जास्त जाणवतो. त्यात हट्ट कुठला? तिखट खाणारे तापट म्हणावेत, तर तिखट निम्मं सवयीचं. सावजी रस्सा ओरपणारे अनेक नागपूरकर अगदी मवाळ असतात.

खाण्याची रीत मात्र बोलकी. पंगतीत सगळ्यांचं वाढून व्हायच्या आत जो भात कालवतो, त्याच्याशी मी भागीदारीत धंदा करणार नाही. (आमच्या घरात असे दोघं आहेत!)