घरच्या ग्रुपवर एल फाशेर

काकाजी (चामोर्शी) :
काल आपल्या पोरीने वर्ध्याच्या बसस्थानकासमोर हातात फलक धरून उभी असल्याचा फोटो येथे टाकला. त्यावर कोणी काही बोलले नाही, म्हणून मी लिहितो. धान विकून इतके दिवस झाले तरी चुकारे आलेले नाहीत, परीक्षा तोंडावर आहे, आणि ही सुदानमधल्या एल फाशेर नावाच्या शहरासाठी उन्हात उभी राहते, हे मला समजले नाही. तेथील लोकांचे वाईट वाटते. परंतु वर्ध्याच्या चौकात उभे राहिल्याने तेथील बंदूक थांबणार आहे का?

पुतणी (वर्धा) :
काकाजी, थांबणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे. सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहर पडले, आणि ज्या सशस्त्र दलाने ते घेतले, त्याची मुळे २००३ पासून त्याच भागात, म्हणजे पश्चिम सुदानमधील दारफुरमध्ये, सरकारच्या पाठबळावर गावे जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांत आहेत. त्या वेळी अमेरिकेतील विद्यार्थ्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला असणार. २००४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात त्यांनी ‘स्टँड’ ही संघटना काढली. पुढे अनेक विद्यापीठांतील मुलांनी केवळ मेणबत्त्या न लावता, आपल्या विद्यापीठाचा पैसा कोणत्या कंपन्यांत गुंतवला आहे, याचा हिशेब मागितला. सुदान सरकारच्या तिजोरीत तेलाचा पैसा येत होता आणि त्यातून शस्त्रे घेतली जात होती. म्हणून एप्रिल २००५ मध्ये हार्वर्डने पेट्रोचायना या चिनी तेल कंपनीचे शेअर विकण्याचे जाहीर केले, पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठानेही सुदानशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतील गुंतवणूक काढण्याचे ठरवले, आणि २००७ च्या अखेरीस अमेरिकेतील राज्यांना अशी गुंतवणूक काढण्याची मुभा देणारा कायदा झाला. कत्तल यामुळे थांबली असे मी म्हणणार नाही. तशी ती थांबलीही नाही.

आणि आपला संबंध काय म्हणाल, तर मानवाधिकार संघटना आणि गुंतवणूकदारांच्या दबावाखाली कॅनडाची टॅलिस्मन कंपनी सुदानमधून बाहेर पडली, तेव्हा तिचा तेथील तेलप्रकल्पातला २५ टक्के हिस्सा २००३ मध्ये आपल्या ओएनजीसी विदेशने घेतला. ही सरकारी कंपनी आहे, म्हणजे तुमची-माझीही. हे मला फलक लिहिताना कळले, त्याआधी नाही.

मोठेबाबा (घोट) :
तेलाचे मला ठाऊक नव्हते. मात्र मुलचेऱ्याकडील बंगाली गावे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन निघालेली ती माणसे दंडकारण्यात वसवली गेली, त्यांच्या हातची मासळी आपण बाजारातून आणतो, आणि ती येथे का आली, हे मात्र कधी विचारत नाही. १९३८ मध्ये चीनवर जपानचे आक्रमण चालू असताना, आपण स्वतः पारतंत्र्यात असूनही, काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले होते. त्यांतील सोलापूरचे कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत; नागपूरचे चोळकर त्यात होते, हे नागपुरातही फारसे कोणी सांगत नाही. ‘आधी आपले, मग दुसऱ्याचे’ असे तेव्हा म्हटले असते, तर ते जहाज मुंबईहून सुटलेच नसते.

पोरीला माझे एकच सांगणे आहे. फोटो मोठा करून पाहिला, तर फलक सगळा इंग्रजीत आहे. यवतमाळच्या बसची वाट पाहत बसलेल्या बाईने तो कसा वाचावा?

पुतणी (वर्धा) :
मोठेबाबा, चूक कबूल. एका बाईंनी आम्हाला खरोखरच विचारले होते की, कोणत्या परीक्षेचा निकाल लागला.

काकाजी (चामोर्शी) :
मराठी मजकूर तयार झाला की छापण्याआधी मला पाठव, ऱ्हस्व-दीर्घ मी पाहून देतो. सुदान कोठे आहे, तेही नकाशा काढून दाखव आणि तेलाची गोष्ट त्यात घाल, लोक तीच थांबून वाचतील. चुकाऱ्यांसाठी सोमवारी सकाळी खरेदी केंद्रावर जायचे आहे. घरातून किती जण येणार, ते सर्वांनी आज रात्रीपर्यंत येथेच कळवावे. पोरी, तुलाही सुट्टी असेल तर ये, फलक धरण्याची सवय झालेलीच आहे.